दमाचा हिशेब मांडणारा डॉक्टर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपरिचय लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसेनानी यांच्यावर लिहिणारी जाणती मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी पडलो खाणीच्या इस्पितळातला तंत्रज्ञ. नोकरीची सत्तावीस वर्षे लोकांना यंत्रात फुंकायला लावण्यात गेली. तेव्हा ज्या माणसाच्या यंत्रावर माझे पोट भरले, त्यांच्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मनाने घेतले. त्यांचे नाव डॉ. जॉन हचिन्सन. छातीच्या विकारांच्या डॉक्टरांना हे नाव चांगले ठाऊक असते. आपल्याला नाव ठाऊक नसले तरी यंत्र ठाऊक आहे. खाणीतल्या ठराविक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत, ज्याला आपण सगळे पीएमई म्हणतो, नाकाला चिमटा लावून जिच्यात जीव खाऊन फुंकायचे असते, ती फुंकायची मशीन म्हणजे स्पायरोमीटर. ती जगाला दिली हचिन्सन यांनी.

कोळशाच्या मुलखातला मुलगा

हचिन्सन यांचा जन्म १८११ सालचा, इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसलजवळचा. हा सगळा कोळशाचा मुलूख. आपल्यापैकी कित्येक घरे चंद्रपूर, घुग्गुस, उमरेडकडून इकडे आलेली आहेत. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांचा रंग संध्याकाळपर्यंत कसा होतो, हे अशा मुलखातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. हचिन्सन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि १८३६ साली ते शल्यचिकित्सक म्हणून पात्र ठरले. त्यानंतर काही काळ त्यांनी साऊदॅम्प्टन या बंदराच्या गावी गरिबांसाठी चालवलेल्या दवाखान्यात काम केले.

माणूस हरहुन्नरी होता. चित्रे उत्तम काढीत, मूर्ती घडवीत, व्हायोलिन वाजवीत. शरीराची रचना समजून घ्यायला चित्रकाराचा डोळा त्यांना फार उपयोगी पडला. बरगड्यांमधले स्नायू श्वास घेताना आणि सोडताना नेमके काय करतात यावर त्यांनी बारकाईने काम केले. पुढे त्या काळच्या एका मोठ्या शरीरशास्त्र कोशात छातीवरचा प्रदीर्घ लेख त्यांनीच लिहिला.

त्या वेळचे लंडन डोळ्यांपुढे आणले पाहिजे. क्षयरोग घरोघरी होता. तरणीताठी माणसे वर्षा-दोन वर्षांत झिजून जात. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ साली. क्ष-किरण आले १८९५ साली. हचिन्सन यांच्या तरुणपणी डॉक्टरच्या हाती होते ते बोटांनी छाती ठोकून पाहणे आणि फ्रान्सच्या लेनेक यांनी १८१६ साली शोधलेला स्टेथोस्कोप. कान तयार असलेल्या डॉक्टरला स्टेथोस्कोपने पुष्कळ काही कळे. पण आवाज बदलेपर्यंत रोगाने फुप्फुसात चांगले घर केलेले असे. शिवाय एका डॉक्टरने ऐकलेला आवाज दुसऱ्याला कागदावर कसा दाखवणार? ज्याला आकड्यात धरता येईल असे काहीतरी हवे होते.

पाण्यावर तरंगणारी टाकी

माणसाच्या श्वासात किती हवा असते हे मोजण्याचे प्रयत्न हचिन्सन यांच्या आधीही झाले होते. इटलीत बोरेली यांनी सतराव्या शतकात तसा प्रयत्न केला. इंग्लंडात हम्फ्री डेव्ही यांनी १८०० च्या सुमारास स्वतःच्या फुप्फुसातली हवा मोजली. पण एका माणसाची हवा मोजणे वेगळे आणि हजारो माणसांची मोजून त्यातून नियम काढणे वेगळे. हचिन्सन यांचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

यंत्राची कल्पना साधी होती. गावाकडे ज्यांनी गोबर गॅसची तरंगती टाकी पाहिली आहे त्यांना ती लगेच समजेल. पाण्याने भरलेले एक उंच भांडे, त्यात उपडे घातलेले दुसरे. आत नळीने हवा सोडली की वरचे भांडे वर येते. ते भांडे जड लागू नये म्हणून कप्पीवरून दोरी नेऊन पलीकडे तेवढ्याच वजनाचा तोल लावलेला. शेजारी मोजपट्टी आणि हवेचे तापमान पाहायला थर्मामीटर, कारण ऊन हवा अधिक जागा व्यापते आणि त्याची वजावट करावी लागते. माणसाने ताठ उभे राहायचे, छाती फाटेपर्यंत श्वास भरून घ्यायचा आणि नळीतून सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत सोडायचा. भांडे किती वर आले ते पाहायचे. झाला हिशेब.

छातीत असलेल्या हवेचे त्यांनी चार भाग पाडले. आपण बोलता-चालता नकळत आत-बाहेर करतो ती एक. जोर लावून आणखी आत घेता येते ती दुसरी. जोर लावून आणखी बाहेर टाकता येते ती तिसरी. आणि काही केले तरी छातीत उरतेच ती चौथी. आजच्या पुस्तकांत नावे थोडी बदलली आहेत, विभागणी तीच आहे. यांतल्या पहिल्या तिन्ही मिळून जी बेरीज होते, म्हणजे पूर्ण भरलेल्या श्वासातून जेवढी हवा बाहेर काढता येते, तिला त्यांनी व्हायटल कपॅसिटी असे नाव दिले. मराठीत प्राणक्षमता म्हणता येईल. हे नाव त्यांनी फार विचारपूर्वक ठेवले होते. हा आकडा केवळ हवेचा नसून माणसाच्या जगण्याच्या ताकदीचा आहे, अशी त्यांची खात्री होती. आरतीच्या वेळी शेवटचा सूर एका दमात कोण जास्त लांबवतो याची आपल्या मंडपात पोरांची चढाओढ लागते. त्या चढाओढीत लागणारी शिल्लक ती हीच.

मग त्यांनी माणसे मोजायला सुरुवात केली. दर्यावर्दी खलाशी, आगीच्या बंबावरचे जवान, लंडनचे पोलीस, थेम्स नदीवरचे पोलीस, राजाच्या पहाऱ्यावरचे उंचेपुरे शिपाई, छापखान्यातले कामगार, दारूची पिंपे वाहणारे गाडीवान, कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे, धर्मशाळेतले निराधार, सुखवस्तू गृहस्थ, एवढेच काय तर जत्रेत दाखवले जाणारे राक्षसी उंचीचे लोक आणि बुटकेही. १८४४ साली त्यांनी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आपले काम मांडले आणि १८४६ साली शंभराहून अधिक पानांचा प्रबंध वैद्यकीय संस्थेपुढे वाचला. त्यात २१३० माणसांचा हिशेब होता. संगणक तर सोडाच, साधे गणकयंत्रही नसताना.

या ढिगातून जो नियम निघाला तो पाहून ते स्वतःही चकित झाले. रुंद छातीचा माणूस जास्त हवा भरत असेल असे कुणालाही वाटेल. आपल्याकडे पोलीस भरतीत आजही टेप लावून छाती फुगवायला सांगतात. पण छातीच्या घेराशी प्राणक्षमतेचे नाते जुळेना. नाते जुळले ते उंचीशी. पाच फुटांपासून सहा फुटांपर्यंत दर इंच उंचीमागे आठ घन इंच हवा वाढते, असे त्यांना आढळले. पाच फुटी माणसाची १७४ घन इंच, म्हणजे आपल्या हिशेबाने २.८ लिटरच्या आसपास. सहा फुटाला टेकलेल्याची २६२ घन इंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर. वय वाढले की क्षमता घटते, वजन प्रमाणाबाहेर वाढले की घटते, हेही त्यांनी दाखवले. आज आमच्या यंत्रात नाव घालण्याआधी वय आणि उंची का विचारतात, त्याचे उत्तर १८४६ च्या त्या प्रबंधात आहे.

सात फुटी पहिलवान

त्या प्रबंधातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट एका माणसाची आहे. चार्ल्स फ्रीमन हा अमेरिकेतला जवळजवळ सात फुटी मुष्टियोद्धा. १८४२ साली तो इंग्लंडात लढतीसाठी आला. हचिन्सन यांनी त्याला यंत्रावर उभे केले तेव्हा आकडा आला ४३४ घन इंच. सात लिटरच्याही वर! पुढच्या दोन वर्षांत तो पुन्हा मोजला गेला तेव्हा ती क्षमता जवळजवळ एक पंचमांशाने उतरली होती. छातीला कान लावून रोगाची स्पष्ट खूण मिळत नव्हती. आणि गंमत बघा, उतरलेला आकडासुद्धा कुठल्याही साधारण माणसापेक्षा कितीतरी जास्त होता. नुसता तो एक आकडा पाहणाऱ्याने त्याला ठणठणीत म्हटले असते. १८४५ साली फ्रीमन क्षयाने गेला.

यातून जो धडा मिळतो तो स्पायरोमीटरचा खरा आत्मा आहे असे मी मानतो. माणसाची तुलना जगाशी करा, पण त्याहून आधी त्याची तुलना त्याच्याशीच करा. आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवला तरच तो बोलतो.

आकडा कोणासाठी?

आता या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हचिन्सन यांचे काम गरिबांच्या दवाखान्यात सुरू झाले, पण लंडनमध्ये ते एका आयुर्विमा कंपनीचे डॉक्टर झाले. माणूस किती जगेल याचा अंदाज ज्यांना पैशात हवा असतो, त्या विमा कंपन्यांना हे यंत्र फार उपयोगाचे ठरेल अशी त्यांची धारणा होती. १८५२ साली त्यांनी जे पुस्तक काढले, त्यात स्पायरोमीटर, स्टेथोस्कोप आणि वजनकाटा यांचा छातीच्या रोगांत काय उपयोग आहे हे सांगताना विमा कंपन्यांना त्यांचे मोल काय, हेही सांगितले होते. त्याच सुमारास ते ब्रॉम्प्टनच्या क्षयरोग रुग्णालयाशीही जोडलेले होते. म्हणजे एका टेबलावर ज्या आकड्याने रोग्याला वेळेवर सावध करायचे, त्याच आकड्याने दुसऱ्या टेबलावर अर्जदाराला नकार द्यायचा.

यात त्यांना काही विसंगती वाटली असेल असे दिसत नाही. पण खाणीच्या तपासणी खोलीत ज्याने आयुष्य काढले त्याला हा पेच रोज दिसतो. माझ्यासमोर दोन तऱ्हेचे लोक येत. एक, ज्यांना अनफिट होण्याची भीती असे. पगार तुटेल, हलके काम मिळेल, घरी मुलीचे लग्न आहे. असा माणूस खोकला दाबून धरी आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकी. दुसरे, ज्यांना वरचे काम हवे असे किंवा भरपाई हवी असे. ते मुद्दाम अर्धवट फुंकत. तीन फुंका एकमेकींशी जुळल्या नाहीत की आम्हाला कळतेच. निदान दोन चांगल्या फुंकांमध्ये दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक राहता कामा नये असा नियम आहे. पण मला कुणाचाच राग आला नाही. आकडा आपल्या बाजूचा आहे की समोरच्या खुर्चीच्या बाजूचा, हे ज्याला ठाऊक नाही, तो मनमोकळा श्वास कसा सोडणार?

सोन्याच्या मागे, समुद्राच्या पार

पुस्तक निघाले त्याच १८५२ साली हचिन्सन यांनी इंग्लंड सोडले. वय एकेचाळीस, नाव झालेले, काम ऐन भरात. पण ऑस्ट्रेलियात सोने सापडल्याने जगभरची माणसे तिकडे धावत होती. बायको आणि मुले मागे ठेवून ते जहाजावर चढले, ते पुन्हा मायदेशी परतलेच नाहीत. बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात ते राहिले. ज्या माणसाने श्वासाचा एवढा अभ्यास केला, त्याचे आयुष्य एका खाणीच्या मुलखात सुरू होऊन दुसऱ्या खाणीच्या मुलखात सरले, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे.

तिथूनही ते १८६१ साली फिजी बेटांवर गेले. फिजी म्हटले की आपल्याला गिरमिटिया मजूर आठवतात. त्यांचे पहिले जहाज तिथे १८७९ साली पोचले. हचिन्सन त्याच्या अठरा वर्षे आधीचे. तिथे जाऊन फार दिवस झाले नव्हते तोच, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते वारले. कुणी आव झाल्याचे लिहिले, कुणी घातपाताचा संशय घेतला. अभ्यासकांमध्ये त्यावर आजही एकमत नाही. हजारो लोकांच्या दमाची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या शेवटच्या श्वासाची खात्रीची नोंद मात्र राहिली नाही.

आपल्याकडेही असे लोक असतात. घरदार सोडून नोकरीच्या मागे परमुलखात आलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचे कौतुकही वाटते आणि मागे राहिलेल्या त्या बायको-मुलांचा विचार मनात आल्यावाचूनही राहत नाही. थोर माणसाचे चरित्र सांगताना हे वगळू नये असे मला वाटते.

यंत्राचा पुढचा प्रवास

हचिन्सन गेले, यंत्र राहिले. आणि यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याचे होते. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने स्पायरोमीटरचा हवाला देऊन काळ्या माणसांची फुप्फुसे जन्मतःच कमी कुवतीची असतात आणि राबणे त्यांना हितकारक आहे, असा सिद्धांत मांडला. यादवी युद्धानंतर १८६९ साली हजारो सैनिकांच्या मोजमापांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातल्या फरकाचाही अर्थ वंशाच्या नावावर लावला गेला. कोण उपाशी वाढले, कोण धुरात राबले, याचा हिशेब कुणी धरला नाही. ही खोड फार दिवस टिकली. यंत्रात वंश निवडायची सोय असे आणि त्यानुसार अपेक्षित आकडा आपोआप कमी धरला जाई. म्हणजे खरोखर फुप्फुस खराब झाले तरी कागदावर नॉर्मल दिसायचे. १९९९ साली बाल्टिमोरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात एका कंपनीने याच वजावटीचा आधार घेऊन काळ्या कामगारांचे भरपाईचे दावे अडवण्याचा प्रयत्न केला होता. अखेर २०२३ साली अमेरिकेच्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने वंश न विचारता सगळ्यांना एकच समीकरण वापरावे अशी शिफारस केली.

आपल्याकडे भारतीय लोकांची स्वतःची प्रमाणे हवीत म्हणून मुंबईत चांगले काम झाले आहे. डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली, तर डॉ. फारुख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली निरोगी भारतीयांच्या फुप्फुसांची मोजमापे प्रसिद्ध केली. आपल्या माणसाचा आकडा परदेशी तक्त्याशी ताडून पाहण्याची लाचारी त्यामुळे कमी झाली.

यंत्रातही सुधारणा होत गेल्या. हचिन्सन हवा किती निघते ते पाहत. ती किती वेगाने निघते हे महत्त्वाचे आहे, हे फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी १९४७ साली दाखवले. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, तो आकडा म्हणजे एफईव्ही-वन. दमा किंवा बिडीने, धुळीने वाट अरुंद झालेली असेल तर हवा असूनही ती वेळेवर निघत नाही. दिवाळी बाजारातून बाहेर पडताना गल्लीत गर्दी अडकावी तसे ते होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाट अडली आहे की फुप्फुसच आकसले आहे, याचा अंदाज डॉक्टरांना येतो.

आणि या यंत्राच्या प्रवासातली सर्वांत समाधानाची गोष्ट पुन्हा कोळशाच्या मुलखातलीच आहे. १९९८ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने असा निकाल दिला की खाणीतल्या धुळीमुळे कामगारांना जडलेल्या जुनाट श्वसनविकाराला सरकारी कोळसा कंपनी जबाबदार आहे. वर्षानुवर्षे हे बिडी-सिगारेटचे फळ म्हणून झटकले जात होते. निकालानंतर जी भरपाई योजना आली, तिच्यात पाच लाखांहून अधिक दावे आले. वेल्स, यॉर्कशायर आणि हचिन्सन यांच्या स्वतःच्या मुलखातले म्हातारे खाणकामगार रांगेने येऊन स्पायरोमीटरमध्ये फुंकत होते. सिगारेटचा वाटा वजा केला जाई, तरी धुळीचा वाटा मान्य झाला. एके काळी विमा कंपनीच्या टेबलावर ठेवलेले यंत्र आता कामगाराचा साक्षीदार म्हणून उभे राहिले. त्यांच्या जन्मगावाजवळ हे घडायला दीडशे वर्षे लागली.

आपल्या घरातला आकडा

एक अनुभव सांगतो. नव्वदच्या दशकात एक ड्रिलर माझ्याकडे तपासणीला आला. त्याची फुंक ३.२ लिटर आली. त्याच्या वयाला आणि उंचीला ती चालण्यासारखी होती, शेरा नॉर्मल पडला असता. पण या गृहस्थाने आधीच्या दोन तपासण्यांचे कागद रेशनकार्डाबरोबर बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. पहिला आकडा ४.१, दुसरा ३.७. दहा वर्षांत जवळजवळ एक लिटर. वयामुळे वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटर घटते, ते आपण समजून घेऊ. पण हा उतार त्याच्या तिपटीने होता. तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून डॉक्टरसाहेबांना दाखवले. एक्स-रे झाला, पुढच्या तपासण्या झाल्या आणि त्याला धुळीच्या जागेवरून वर घेतले गेले. फ्रीमन पहिलवानाच्या वेळी जे उशिरा कळले, ते या माणसाच्या बाबतीत एका बिस्किटाच्या डब्यामुळे वेळेवर कळले.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. तपासणीचा कागद फायलीत गेला म्हणजे काम संपले असे समजू नका. त्याची एक प्रत मागून घ्या आणि घरी ठेवा. तपासणीआधी पोट तडस भरून जेवू नका, तास-दोन तास आधीपासून बिडी-सिगारेट ओढू नका, घट्ट पट्टा सैल करा. ताठ बसा, ओठ नळीवर पक्के मिटा, पूर्ण श्वास घेऊन एकदम धडाक्याने फुंका आणि संपले असे वाटल्यावरही सहा सेकंदांपर्यंत फुंकत राहा. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर आधीच सांगा. कमी-जास्त फुंकून कुणाला फसवता येईल, पण पाच वर्षांनी तुलना करायची वेळ आली तर नुकसान आपलेच.

आणखी एक. हचिन्सन यांच्या हजारो नोंदींत स्त्रिया अगदी नगण्य आहेत. आपल्या खाणीच्या तपासणीतही घरातली बाई कधी आली नाही. पण ज्या माउलीने कॉलनीत वर्षानुवर्षे कोळशाच्या सिगडीवर पोळ्या भाजल्या, तिच्या छातीत गेलेला धूर कोण मोजणार? बिडी न ओढताही चुलीच्या धुराने, धुळीने श्वसनमार्ग कायमचा अरुंद होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेट या नियतकालिकात सविस्तर मांडले आहे. जिना चढताना बायकोला धाप लागते ती वयामुळे असे म्हणून सोडून देऊ नका. तिलाही एकदा फुंकायला घेऊन या. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, सुई नाही, औषध नाही.

प्राणक्षमता हा आयुष्याचा आकडा आहे, हे हचिन्सन यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत अनेकांना अतिशयोक्तीचे वाटले असेल. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातून १९८३ साली असेच निघाले की ज्यांची प्राणक्षमता कमी, त्यांना हृदयविकाराचा आणि अकाली मृत्यूचा धोका अधिक. माणूस फिजीच्या मातीत गेला, त्याचा हिशेब खरा ठरला.

आकडा कुणाच्याही टेबलावर जाऊ शकतो. त्याची एक प्रत आपल्या डब्यात असली म्हणजे तो आपल्याही बाजूने बोलतो. एवढे ध्यानात राहिले तरी या लेखाचे काम झाले. मंडळाच्या सर्व सभासदांना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि आपल्या उत्सवात दरवर्षी हौसेने सामील होणाऱ्या इतर भाषिक सहकाऱ्यांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. सर्वांना भरपूर दमाचे आयुष्य लाभो.